भरतीकडची बाजू

गोदीत जहाज रंगवणं म्हणजे त्याला हात देणं. आधी अस्तराचा एक हात, त्यावर राखाडी रंगाचे दोन. रंगखात्याच्या मुकादमांनी छत्तीस वर्षांत एकही जहाज अर्धं रंगवून सोडलं नव्हतं. निवृत्तीला सात महिने उरले असताना तो प्रसंग आला आणि निर्णय घेणारे दुसरे कोणी नव्हते, ते स्वतःच होते.

समुद्रापलीकडच्या शेजारी देशाचे अध्यक्ष येणार होते. तीस वर्षं दोन्ही देशांनी एकमेकांना निषेधाच्या खलित्यांखेरीज काही पाठवलं नव्हतं. भांडण पाण्यावरच्या रेषेचं होतं. ती रेषा दोन्हीकडच्या नकाशांत वेगवेगळ्या जागी होती आणि पाण्यात कुठेच नव्हती. आता मैत्रीचं वारं वाहू लागलं होतं, म्हणून अध्यक्ष आपल्या दोन युद्धनौका घेऊन येणार, इकडची बारा जहाजं बंदरात रांगेत उभी राहणार आणि पाहुणे बोटीतून त्या रांगेची पाहणी करणार, असं ठरलं. बारा हा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला. त्यानंतर अकरावं जहाज दुरुस्तीत अडकल्याचं लक्षात आलं. आकडा परत घेता येईना, म्हणून मागच्या धक्क्यावर चार वर्षं बांधून ठेवलेली ‘म्हातारी’ बाहेर काढायची ठरली.

म्हातारी हे तिचं गोदीतलं नाव. कागदावर तिला दुसरं, पराक्रमी नाव होतं.

“नऊ दिवस आहेत,” गोदीचे अधिकारी म्हणाले. त्यांच्या बुटांत तोंड दिसे, म्हणून सगळे त्यांना आरसेसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. “होईल?”

मुकादमांनी म्हातारीभोवती होडीतून एक फेरी मारली होती. “गंज खरवडायला चार दिवस, एका बाजूचे. कोठारातला रंग बघितला. सगळ्या जहाजाला एक हात पुरेल, नाहीतर एका बाजूला दोन.”

“एक हात दिला तर?”

“उन्हात खालचा गंज दिसेल. चार पावलांवरून नाही, पण चारशेवरून दिसेल. जवळून माणूस रंग बघतो, लांबून डाग.”

“मग तुम्हीच सांगा. सही तुमची लागणार.”

एरवी मुकादमांनी नन्नाचा पाढा लावला असता. अर्धं काम त्यांना खपत नसे. पण त्यांनी टेबलावर ठेवलेली भरती-ओहोटीची वही ओढली, त्या दिवसाचं पान काढलं आणि बोट ठेवलं. “कार्यक्रम दहाला. भरती अकरापर्यंत. नांगरावरचं जहाज येणाऱ्या पाण्याकडे तोंड करतं. भरती आत येत असेल तर सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, आणि किनाऱ्याकडे डावी बाजू. बोट रांग आणि किनारा यांच्यामधूनच जाणार ना? मग डावी पुरे. दोन हात.”

“आणि उजवी?”

“उजवी मासे बघतील.”

आरसेसाहेबांनी चमकून पाहिलं. मुकादमांच्या तोंडून असं वाक्य निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मुकादमांनाही वाटलं नव्हतं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मुकादमांचा धाकटा भाऊ चौदा महिने त्या शेजारी देशात कैदेत होता.

तो मासेमारीच्या होडीवर इंजिन बघायचा. इंजिन बंद पडलं, होडी वाहवत गेली आणि सकाळी पहिली भेटलेली बोट पलीकडच्या गस्तीची निघाली. होडीवर सात जण होते. तेव्हापासून भावाची बायको मुकादमांकडेच राहत होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिने एकवीस अर्ज केले होते आणि प्रत्येकाची नक्कल तारखेवार लावून ठेवली होती. शेवटच्या अर्जाला उत्तर आलं होतं: अध्यक्षांच्या भेटीनंतर वातावरण अनुकूल झाल्यास विचार होईल.

त्या संध्याकाळी मुकादम घरी आले तेव्हा धाकटी कांदा चिरत होती. मुकादमांच्या बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, “अहो, त्या म्हातारीला खरंच नटवणार? लोक हसताहेत.”

“हसू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“दादा,” धाकटी मान वर न करता म्हणाली, “त्यांना राग येईल, त्यांना हसू येईल, असं काही होऊ देऊ नका. एवढं करा.”

“माझ्या हातात रंग आहे बाई, राज्य नाही.”

“रंग तरी आहे. माझ्याकडे नुसत्या नकला आहेत.”

मुकादमांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सहाला म्हातारीच्या डाव्या बाजूला दोरांवर टांगलेल्या फळीवर बसू लागले. मुकादमाने स्वतः फळीवर बसायची पद्धत नव्हती. त्यांचा जुना सहकारी, ज्याला उंचीमुळे बांबू म्हणत, शेजारच्या फळीवरून म्हणाला, “इतक्या प्रेमानं तर मी लग्नात दाढी केली नव्हती.”

“तू लग्नात दाढी केली होतीस?”

“अर्धी. वरातीची वेळ झाली.”

आठव्या दिवशी डावी बाजू अशी झाली की आरसेसाहेबांनी तिच्यात खरोखर तोंड पाहिलं. नव्या रंगाची कड म्हातारीच्या नाकावर सरळ रेषेत संपत होती. पलीकडे जुना पोपडा, पाणी बाहेर सोडणाऱ्या प्रत्येक भोकाखाली तांबडा ओघळ आणि नांगराच्या भोकापासून पाण्यापर्यंत हातभर रुंदीचा गंजाचा पट्टा. अर्धी दाढी केलेला माणूस एका बाजूने पाहिला तर देखणा असतो, तशातला प्रकार.

कामाच्या तक्त्यावर ‘पूर्ण’ या शब्दापुढे मुकादमांनी सही केली. सही करताना त्यांना वाटलं, आपण हा शब्द आजवर कधी वाचलाच नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. बारा जहाजं रांगेत उभी, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, दोरांवर रंगीत पताका. रांगेच्या शेवटी पाहुण्यांच्या दोन नौका, पांढऱ्या शिड्या आणि पितळी कठड्यांनी झळकणाऱ्या. किनाऱ्यावर मांडव, वाद्यवृंद, हजारो माणसं. आयत्या वेळी कुठे खरचटलं तर हात मारायला म्हणून रंगखात्याचा सपाट तराफा धक्क्याच्या टोकाला बांधला होता. त्यावर मुकादम आणि बांबू डबे घेऊन बसले होते. निरोपासाठी एक वायरलेस दिला होता.

दहा वाजले. काही घडलं नाही. सव्वादहाला वाद्यवृंदाने तीच धून पुन्हा वाजवली.

“अडलंय कुठे?” बांबूने विचारलं.

धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला ठाऊक होतं. अडलं होतं शिडीवर. पाहुणे स्वतःच्या नौकेवर होते. पाहुण्यांचं म्हणणं, यजमान मंत्र्यांनी आमच्या शिडीने वर येऊन स्वागत करावं. यजमानांचं म्हणणं, पाहुण्यांनी शिडी उतरून आमच्या बोटीत यावं, स्वागत तिथे होईल. वर जाणारा लहान ठरतो, असं एका बाजूच्या पुस्तकात लिहिलं होतं. खाली उतरणारा लहान ठरतो, असं दुसऱ्या. दोन्हीकडचे शिष्टाचार अधिकारी पाण्यात बोट थांबवून पुस्तकं वाचत होते.

“तेरा पायऱ्या आहेत त्या शिडीला,” बांबू म्हणाला. “सहा यांनी चढाव्यात, सहा त्यांनी उतराव्यात.”

“आणि तेरावी?”

“तिच्यावर पुढच्या वर्षी परिषद घ्यावी.”

मुकादम हसले नाहीत. ते पाण्याकडे पाहत होते. धक्क्याच्या खांबाशी तरंगणारी काडी आत सरकत होती, पण मघापेक्षा हळू. अकराला ती जागच्या जागी थांबली. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी ती समुद्राकडे निघाली.

वायरलेसवर आरसेसाहेबांचा आवाज आला. “मुकादम, पाणी फिरलं का?”

“फिरलं साहेब.”

“किती वेळ आहे?”

“हलकी जहाजं अर्ध्या तासात वळतील. म्हातारीचं पोट जड. ती थोडी उशिरा.”

“मागून दुसरा नांगर टाकून तिला धरून ठेवली तर?”

“शेजारचं जहाज वळताना तिच्यावर येईल.”

“ओढणारी टगबोट लावून?”

“टग लावली तर सगळ्यांना कळेल की हिला धरून ठेवावं लागतंय.”

मग साहेब म्हणाले, “सहीचं मी बघतो,” आणि आवाज बंद झाला. हे वाक्य मुकादमांनी पुढे अनेकांना सांगितलं. त्या क्षणी मात्र त्यांच्या मनात सही नव्हती. धाकटीच्या नकलांची फाइल होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी तोडगा निघाला. मंत्र्यांनी दुसऱ्या होडीत जायचं, रिकामी बोट त्या होडीच्या आणि शिडीच्या मधोमध न्यायची आणि पाहुण्यांनी एका बाजूने, मंत्र्यांनी दुसऱ्या बाजूने एकाच वेळी पाय टाकायचा. तसा तो टाकला गेला, टाळ्या झाल्या आणि पाहणी सुरू झाली. तोवर पहिली पाच जहाजं उलट्या दिशेला वळलीही होती. त्यांच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या होत्या. त्यांना कुठूनही पाहा, ती सारखीच दिसत.

म्हातारी बराच वेळ समुद्राकडे तोंड करून राहिली. बोट चौथ्या जहाजापाशी होती तेव्हा बांबू म्हणाला, “राहील हो ती. आपली आहे.” बोट सहाव्याशी आली आणि म्हातारीचं शेपूट हलू लागलं. घाई नाही, गडबड नाही. दुपारी आडवं झालेलं माणूस कूस बदलतं तशी तिने कूस बदलली आणि बोट समोर येईपर्यंत उजवी बाजू किनाऱ्याकडे करून ती स्थिर झाली.

किनाऱ्यावरचा आवाज थांबला. भर उन्हात तांबडे ओघळ इतके स्पष्ट होते की मोजता आले असते. मुकादमांना त्यांतला प्रत्येक ठाऊक होता. त्यांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि डब्याला झाकण लावलं. आता त्याने काय होणार होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोटीत कोणी बोट दाखवलं नाही. मंत्री पाहुण्यांना काहीतरी सांगत होते. ते हवामानाविषयी होतं, हे नंतर कळलं.

“संपलं,” मुकादम म्हणाले. “घालवला मी त्याला.”

“मुकादम,” बांबू म्हणाला.

“मीच म्हणालो, मासे बघतील.”

“अहो मुकादम, तिकडे बघा.”

रांगेच्या शेवटी पाहुण्यांची पहिली नौका वळत होती. आधी पांढरी शिडी दिसेनाशी झाली. मग पितळी कठडे सरकले. मग दुसरी बाजू आली. तिच्यावर नांगरापासून मागच्या पंख्यापर्यंत गंज होता. मध्ये कोणीतरी अस्तराचा एक मोठा चौकोन लावून काम सोडून दिलं होतं. दुसरी नौका तिच्यामागून वळली. तिच्यावर अस्तरही नव्हतं.

बांबू हळूच म्हणाला, “यांच्याही आमंत्रणात दहाच लिहिलं होतं.”

बोटीचा वेग कमी झाला. ती त्या दोन नौकांसमोर आली तेव्हा हवामानही संपलं असावं. मग एकदम खांदे हलताना दिसले, आधी एकाचे, मग सगळ्यांचे. आधी कोण हसलं याबद्दल दोन्ही देशांच्या नोंदी वेगळ्या आहेत.

दुपारी आरसेसाहेबांनी मुकादमांना बोलावलं. मुकादम नोकरीचा निरोप घ्यायच्या तयारीने गेले. साहेब खुर्चीत बूट काढून बसले होते, असं त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

“रंग किती उरलाय?”

“उजव्या बाजूला अर्धा हातही नाही पुरणार, साहेब.”

“आपल्या नाही. त्यांच्या. उद्यापासून त्यांची मोठी नौका धक्क्यावर लोकांसाठी खुली आहे आणि धक्क्याकडे नेमकी तीच बाजू येतेय. त्यांनी रंग मागितलाय. लेखी नाही, तोंडी. मंत्री म्हणाले, बाकीच्या जहाजांवरचे राखीव डबे घ्या, माणसंही द्या.”

“आपला राखाडी निळसर आहे. त्यांचा हिरवट.”

“ते तुम्ही बघा. डोळे तुमचे आहेत.”

मुकादमांनी डब्यात पिवळा थेंब-थेंब घालून छटा जुळवली आणि साडेतीनला ते पाहुण्यांच्या नौकेच्या कुशीला फळीवर बसले. शेजारच्या फळीवर त्या नौकेचा रंगाऱ्यांचा प्रमुख होता. पांढऱ्या मिशा, बोटांच्या पेरांत मुरलेला राखाडी रंग. दोन्ही देशांच्या भाषा मावसबहिणी होत्या. सावकाश बोललं तर समजे.

“भरती बघूनच रंगवली होती आम्ही,” तो म्हणाला. “वही समोर घेऊन.”

“अकरापर्यंतची.”

“अकरापर्यंतची. छाती फुगवून सही केली मी.”

“मीही.”

दोघांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवले. मग मुकादमांनी विचारलं. नऊ दिवस गिळलेला प्रश्न त्यांनी नौकेकडे तोंड करूनच विचारला. “तुमच्याकडे आमची सात माणसं आहेत. होडीवाली. चौदा महिने झाले.”

“बंद पडलेल्या इंजिनाची होडी?” पलीकडची फळी थांबली. “आमच्या गोदीमागच्या कोठीत आहेत. माझा मेव्हणा पहाऱ्यावर असतो तिथे. त्यांच्यातला एक सारखा पंप दुरुस्त करत असतो. चांगला चालणारा पंपही उघडतो.”

“तो माझा भाऊ.”

त्या माणसाने ब्रश खाली ठेवला. “मग अजून नेला का नाही? त्यांना सोडायचं केव्हाच ठरलंय. मेव्हणा म्हणतो, कागद तयार आहेत. तुमच्याकडून यादी आली की झालं.”

“कसली यादी?”

“नावांची. तुम्ही मागायचं, आम्ही द्यायचं. न मागता सोडलं तर आमच्याकडचे म्हणतील, घाबरलो.”

“आमच्याकडे सांगतात, ते सोडतील तेव्हा आभार मानू. आधी मागितलं तर कमीपणा.”

पांढऱ्या मिशांखालून एक सुस्कारा निघाला. “म्हणजे इथेही शिडीच.”

मुकादमांनी तो पट्टा पूर्ण केला, कारण ओला पट्टा अर्ध्यात सोडला तर कड राहते. मग ते वर चढले आणि रंगाच्याच कपड्यांनी आरसेसाहेबांच्या खोलीत गेले.

सगळं ऐकून साहेब म्हणाले, “हे माझं खातं नाही, मुकादम.”

“माझंही नाही, साहेब.”

साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सात वाजता भोजन होतं. मंत्र्यांच्या सचिवांच्या शेजारी त्यांची खुर्ची होती. आजच त्यांचं पितळ सबंध गावासमोर उघडं पडलं होतं, आता आणखी काय जाणार होतं, असाही विचार त्यांनी केला असेल. त्यांनी कोरा कागद घेतला.

“नावं सांगा. कागदावरची, पूर्ण.”

मुकादमांनी भावाचं सांगितलं. आणखी एकाचं सांगितलं. मग ते अडले. “एक तांडेल, होडीचा प्रमुख. एक मुका, म्हणजे मुका नाही, बोलत नाही फारसा. एकाला पाहुणा म्हणतात...”

“मुकादम, पाहुण्याला पाहुणा म्हणून कसा मागू?”

मुकादमांनी घरी फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला. “धाकटे, साहेब ऐकताहेत. सातही जणांची नावं हवीत.”

पलीकडे फाइल उघडल्याचा आवाज आला नाही. धाकटीने एकामागून एक नावं सांगितली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, अंगावरची खूण. ती सावकाश सांगत होती, साहेब लिहीत होते. सातवं झाल्यावर ती म्हणाली, “दादा, त्यांना सांगा, पाचव्याच्या आडनावात दुसरी वेलांटी. मागच्या खेपेला पहिली पडली म्हणून अर्ज परत आला होता.”

साहेबांनी कागद उचलून पाचवं नाव पाहिलं आणि वेलांटी दुरुस्त केली.

“झाली,” ते फोनकडे वाकून म्हणाले. “आणखी काही?”

“तांडेलांचं वय आता एकाने वाढलंय.”

त्यांनी तेही बदललं. मग बूट चढवले, ते पुसायला विसरले आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवत भोजनाला गेले.

एकोणीस दिवसांनी सात जण पलीकडच्या मालवाहू जहाजातून आले. धक्क्यावरच्या फाटकाशी एक कारकून यादी वाचत होता. ज्याचं नाव येईल त्याने ‘हजर’ म्हणून पुढे यायचं. पहिल्याच नावाला कोणी हललं नाही. कारकुनाने दोनदा, तीनदा पुकारलं.

“अहो तांडेल, तुम्हीच ते,” मागून कोणीतरी ढोसलं.

“हा मी?” म्हातारा म्हणाला. “बरं. हजर.”

सगळे हसले. फाटकाबाहेर मुकादमांशेजारी धाकटी उभी होती. तिच्या हातात यादीची नक्कल होती आणि ती मान खाली घालून प्रत्येक नावावर पेन्सिलीने खूण करत होती. चौथं नाव तिच्या नवऱ्याचं होतं. “हजर” असा ओळखीचा आवाज आला. मुकादमांनी धाकटीच्या खांद्याला हात लावला. तिने चौथ्या नावावर खूण केली आणि पेन्सिल पाचव्यावर नेली. पाचवा हजर. सहावा हजर. सातव्याला जरा वेळ लागला, त्याचा पाय दुखत होता.

सातव्या नावावर खूण झाल्यावरच तिने पेन्सिल केसांत खोचली आणि मान वर करून पाहिलं.